शेजारचे पेडल

माझ्या धाकट्या दिरांची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आधी तिचा श्वास ऐकू यायचा. हॉर्न नाही, इंजिनाची घरघर नाही. कुणीतरी दचकून आत ओढून घ्यावा तसा एक श्वास, आणि मागोमाग गाडी. हवेच्या फिल्टरच्या डब्याचे झाकण त्यांनी काढून टाकले होते. इंजिनाला मोकळी हवा मिळाली की ते पाय लावताच धावते, असे त्यांचे म्हणणे. मास्तरांच्या गाडीला दमा झालाय, असे शेजारचा शिंपी म्हणायचा. मला मात्र तो आवाज दम्याचा वाटत नसे. माझी जाऊ एखाद्या शिकाऊ बाईच्या शेजारी बसलेली असताना समोर अचानक सायकल आली, की ती अगदी असाच श्वास घ्यायची.

लोक त्यांना मास्तर म्हणत, पण खरे सांगायचे तर त्यांनी आयुष्यात कुणालाही काही शिकवले नाही. शिकवायची ती. दोघांनी ड्रायव्हिंग स्कूल काढले तेव्हाच वाटणी झाली होती: माणसे तिची, इंजिन त्यांचे. तिला सगळे बाई म्हणत. तिच्याकडे बहुतेक बायकाच शिकायला येत आणि त्यातल्या बऱ्याचशा नवऱ्याला न सांगता. भाऊजी पहाटे उठून बॉनेट उघडत, तेल बघत, प्लग पुसत, आणि गाडी तिच्या हवाली करून दिवसभर ओसरीत बसत. ती परत आली की पहिला प्रश्न, "काय म्हणत होती?" हा प्रश्न गाडीबद्दल असे, शिकणारीबद्दल नव्हे. जाऊ मला म्हणायची, "बघा ना, माझी कधी इतकी चौकशी केली नाही."

त्या गाडीला शेजारच्या सीटसमोरही पेडले होती. इतर स्कूलच्या गाड्यांना त्या बाजूला फक्त ब्रेक आणि क्लच असतो. आमच्या जावेने हट्टाने अॅक्सिलरेटरही बसवून घेतला होता. दोन्हीकडची पेडले एका आडव्या दांड्याने जोडलेली, त्यामुळे एका बाजूने दाबले की दुसऱ्या बाजूचेही खाली जायचे. कुणाचा पाय, हे शिकणारीला कळतच नसे. ती म्हणायची, "घाबरलेल्या माणसाला थांबवणं सोपं असतं हो. पुढे न्यायला जास्त लागतं."

दोन वर्षांपूर्वी ती गेली, तीही त्याच सीटवर. एक बँकेतली बाई गाडी चालवत होती. तिने नंतर मला सांगितले ते असे: बाईंनी डोके मागे टेकवून डोळे मिटले होते. त्यामुळे तिला वाटले, आता बाईंचा आपल्यावर भरवसा बसला. उतारावरून बाजाराच्या चौकात येताना समोर हातगाडी आली. हिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळले. तेवढ्यात ब्रेक लागला, तोही अगदी अलगद, बाई लावायच्या तसा. घरापाशी आल्यावर बाई उतरेनात. डॉक्टरांनी हात लावून पाहिले आणि म्हणाले, जाऊन बराच वेळ झालाय. चौकाच्या कितीतरी आधी. त्या बाईने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. अगं, ब्रेक तूच लावला असशील, भीतीच्या भरात कळले नसेल, असे मी तिला समजावले. तिने मान हलवली, पण मला खूश करण्यासाठी.

शाळा बंद झाली. पाटी उतरली. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी, त्यामुळे घरात भाऊजी एकटे आणि दारात गाडी.

मग हळूहळू त्यांची एक तक्रार सुरू झाली. गाडी ऐकत नाही. "पाय लावतो, ती विचार करते, मग निघते. नव्या सुनेसारखी." जुनी, कार्ब्युरेटरची गाडी. असे होऊ शकते, हे मलाही पटले. यजमान असताना आमच्याकडेही तसलीच होती. घोडे कुठे पेंड खाते ते शोधतो, असे म्हणून भाऊजी बॉनेटमध्ये शिरले, ते वर्षभर बाहेर आलेच नाहीत.

पहिल्यांदा त्यांनी अॅक्सिलरेटरची केबल ताणून घेतली. केबल ढिली पडली की पायाचा निरोप इंजिनाला उशिरा पोचतो, हे त्यांनी मला चहाच्या कपाला दोरा बांधून दाखवले. मग कार्ब्युरेटरमधल्या छोट्या पंपाचा पडदा बदलला. पेडल दाबताच पेट्रोलची एक बारीक पिचकारी मारणारा हा पंप. त्याचे रबर वाळून टणक झाले होते. काही दिवस ते आनंदात होते. मग पुन्हा तेच. मग प्लगच्या ठिणगीची वेळ किंचित अलीकडे आणली. मग पेडल परत वर आणणारी जाड स्प्रिंग काढून तिथे नाजूक स्प्रिंग लावली. मग कार्ब्युरेटरवर केबल जिथे अडकते त्या पट्टीला नवे भोक पाडले, बिजागरीच्या जवळ. त्यामुळे पेडल बोटभर दाबले तरी इंजिनाला पूर्ण दाबल्यासारखे वाटू लागले. शेवटी ते फिल्टरचे झाकण.

एकेक गोष्ट वेगळी घेतली तर शहाणपणाचीच होती. सगळ्या एकत्र झाल्यावर ती गाडी पाय लावायच्या आधीच निघायला लागली. शिंपी म्हणाला, "मास्तर, तिला निदान परवानगी तरी मागायला शिकवा." भाऊजींना विनोद कळला नाही. ते अगदी मनापासून म्हणाले, "मला तर अजून सुस्तच वाटते."

ते गाडी चालवताना खास पातळ तळव्याचे कापडी बूट घालत. जाड तळव्यातून पेडल कळत नाही, म्हणत. घरात मात्र अनवाणी.

त्या दिवसांत एकदा ओसरीत वर्तमानपत्र पसरून ते कार्ब्युरेटर साफ करीत बसले होते आणि त्यातला एक जेट हरवला. पेट्रोल ज्यातून मोजून जाते तो पितळेचा बारीक तुकडा, हरभऱ्याएवढा. मीही शोधू लागले. ओसरी झाडली, बुटांच्या जोडामागे, कुंडीमागे पाहिले. पितळ लोहचुंबकालाही दाद देत नाही. नाही सापडला. भाऊजी हिरमुसले, मग बाजारातून दुसरा घेऊन आले.

हे सगळे चालले असताना पुतणीचा फोन आला. तिच्या मुलीला, म्हणजे भाऊजींच्या नातीला, नुकतीच अठरा पूर्ण झाली होती. नातीचा पहिला धडा याच गाडीत, असे जाऊ नेहमी म्हणायची, आणि भाऊजी रोज फोन करून विचारीत होते, कधी पाठवतेस. नातीने तर बॅग भरून ठेवली होती. पण गाडी मधेच उसळते, अशी कुणकुण पुतणीच्याही कानावर गेली होती.

"काकू, तू एकदा त्यांच्याबरोबर गाडीत बसून ये," ती म्हणाली. "तू हो म्हणालीस तर पाठवते. नाही म्हणालीस तर..." पुढचे मला कळले. नाही म्हणजे बापाला त्याच्या तोंडावर सांगायचे, तुमच्या हाती माझे लेकरू देत नाही. दोन वर्षे तो माणूस त्या एका दिवसासाठी तगून होता.

मी दुसऱ्याच दिवशी दुपारची जेवणे झाल्यावर गेले.

दार उघडेच होते. भाऊजी आत किल्ली शोधत होते. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे मला आधी काही दिसेना, मग फरशी दिसली. पांढऱ्या फरशीवर तांबूस ठिपके होते. रुपयाएवढे, काही वाळून तपकिरी झालेले, काही ताजे. दारापासून निघून स्वयंपाकघरात ओट्यापर्यंत, तिथून वळून झोपायच्या खोलीत, पलंगापाशी थांबलेले. एकाच पायाचे असावेत तसे, एका रेषेत, मधे एकेका ढांगेचे अंतर.

मी ओट्यावरचे फडके ओले केले. मागून भाऊजी म्हणाले, "पुसू नका, वहिनी."

कशाचे आहेत, असे मी विचारले.

"तिच्या टाचांचे."

ते इतक्या साधेपणाने बोलले, की आधी मी नुसती मान डोलावली. मग कळले. माझ्या जावेच्या टाचा थंडीत फुटायच्या. भेगांतून रक्त यायचे, आणि घरभर ठिपके पडायचे. तिला त्याची फार लाज वाटे. कुणी यायच्या आत ती फडके घेऊन स्वतःच्या मागे स्वतः पुसत जायची. हे मला माहीत होते आणि भाऊजींना. तिसऱ्या कुणाला नाही.

"आधी वाटलं, भास आहे," ते म्हणाले. "पण रोज असतात. बाहेरून आत येतात. मी गाडी लावून आलो की थोड्या वेळानं बघतो तर असतात. आता पुसायचं तेवढं तिला जमत नसेल."

मी फडके खाली ठेवले. लहानपणी आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर सांगत, भीती वाटली की हाताला काम द्या. मी माझी पर्स उघडली, चष्मा पुसला, पुन्हा लावला. ठिपके होते तिथेच होते. भाऊजींनी दारात बसून बूट चढवले आणि आम्ही निघालो.

मी शेजारच्या सीटवर बसले. पाय मागे, सीटच्या खाली ओढून घेतले. जाऊ प्रत्येकाला बजावायची, माझ्या पेडलांपासून पाय लांब ठेवा, आणि ती सवय अजून अंगात होती. तिच्या पेडलांवरचे रबर तिच्या पायाच्या आकाराने झिजले होते.

भाऊजींनी किल्ली फिरवली. तो श्वास आला. बाहेरून ऐकणे वेगळे आणि आत बसून ऐकणे वेगळे. आत तो अगदी माझ्या खांद्यापाशी आल्यासारखा वाटला. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत ठीक होते. शिंप्याच्या दुकानापुढे गाडीने एकदम उसळी घेतली. भाऊजींनी स्टिअरिंग सावरले.

"मी पाय लावलेलाच नव्हता," ते म्हणाले.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. खोटे बोलणाऱ्या माणसाचा चेहरा मी चाळीस वर्षांच्या संसारात ओळखायला शिकले आहे. हा तो नव्हता. त्यांना खरोखरच तसे वाटत होते.

पुढच्या वळणावर पुन्हा श्वास, पुन्हा उसळी. ते नुसते किंचित हसले, घरातले माणूस मधेच बोलले की हसावे तसे. मनात पुतणीला द्यायचे उत्तर तयार झाले होते. ते कसे सांगायचे तेवढेच शोधायचे राहिले होते.

उतार लागला. खाली बाजाराचा चौक. उतारावर गाडीने आपोआप वेग घेतला, आणि त्यावर इंजिनाने श्वास ओढला, लांब, सुटतच नाही असा. झाडे वेगाने मागे जायला लागली. खाली एक माणूस खांद्यावर लांब शिडी घेऊन रस्ता ओलांडत होता. शिडी त्याच्या आमच्याकडच्या खांद्यावर. त्याला आम्ही दिसणे शक्य नव्हते. मी दाराची मूठ घट्ट धरली. भाऊजी समोर बघत होते, त्यांनाही शिडी दिसत होती, आणि इंजिन अजून चढतच होते.

मी खाली पाहिले. का, ते मला सांगता येणार नाही. समोरच्या माणसाचे काय होते ते बघायचे नव्हते म्हणून असेल.

माझ्या पुढ्यातले मधले, ब्रेकचे पेडल खाली गेले. धाडकन नाही. आधी थोडे, मग आणखी, मग तळापर्यंत, आणि तिथे टिकून राहिले. त्यावर धूळ होती. रबराच्या झिजलेल्या जागी ती धूळ तशीच होती. गाडी थांबली, इतकी अलगद की मांडीवरची पर्ससुद्धा सरकली नाही. शिडीवाला आमच्या नाकासमोरून गेला. त्याने मान वळवूनही पाहिले नाही.

भाऊजी म्हणाले, "तुम्ही लावलात?"

"मी कशाला लावू? माझे पाय इथे मागे आहेत," मी म्हणाले. "तुम्ही लावलात म्हणून माझ्या इथलं पेडल खाली गेलं ना."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिले. मग त्या पेडलाकडे. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरत गेला. त्यांनी गाडी वळवली आणि पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, घरी आणली.

घरी आल्यावर ते दारातल्या पायरीवर बसले. डावा बूट निघाला. उजवा निघेना. ओढला तेव्हा ओला आवाज आला. ते रस्त्याकडे बघत होते आणि बूट त्यांनी बाजूला ठेवला होता. मी त्यांच्यासमोर उभी होते, म्हणून मला तळवा दिसला. अंगठ्याच्या खाली, ज्या जागेने माणूस पेडल दाबतो तिथे, मांस खोल गेले होते. कडा पांढऱ्या पडल्या होत्या. आत काहीतरी चमकत होते.

मी खाली बसले. त्यांचा पाय मांडीवर घेतला. दिराचा पाय असा हातात घ्यायची वेळ कधी आली नव्हती. पर्समधल्या चिमट्याने ती वस्तू धरली आणि ओढली. ती सुटून येईपर्यंत मला ओठ चावावा लागला. भाऊजी शिंप्याच्या दुकानाकडे बघत म्हणाले, "आज याचं दुकान लवकर बंद."

"भाऊजी, मी काय करतेय?"

"काय करताय?" त्यांनी विचारले, आणि खाली पाहिले.

पितळेचा जेट माझ्या तळहातावर होता. ओसरीत हरवलेला. पसरलेल्या वर्तमानपत्राशेजारी बूट होते. त्यातच पडला असणार. तेव्हापासून ते त्यावर पाय ठेवून गाडी चालवत होते.

मी चिमट्याच्या टोकाने त्यांचा तळवा टोचला. अंगठा टोचला. टाच टोचली. कळतंय का, असे दर वेळी विचारले. ते माझ्या हाताकडे बघून उत्तर देत होते. मी त्यांना डोळे मिटायला सांगितले. मग त्यांना काहीच सांगता येईना.

मग त्यांनी मान वळवून दारातून आत पाहिले. पायरीपासून आत गेलेले ठिपके, ओट्यापर्यंत, पलंगापर्यंत. सगळे उजव्या पायाचे.

"म्हणजे ती येत नव्हती," ते म्हणाले.

मग माझ्या हातातला जेट घेऊन बोटांत फिरवत: "गाडीत दोष नव्हताच म्हणा ना."

पुतणीला मीच फोन करणार होते. भाऊजींनी माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटले, ते लपवतील. तसे केले असते तर मी मधे बोलणार होते. त्यांनी तिला सरळ सांगितले, की पायाला काही कळत नाही, त्यामुळे मी आजपासून चालवणार नाही, आणि पोरीला माझ्या हाती देऊ नकोस. पलीकडून ती रडली असावी. "अगं, गाडी चांगली आहे," ते म्हणाले. "मीच तिला पिसाळवली. पहिल्यासारखी करून ठेवतो. तू ये, तूच शेजारी बस. आईनं शिकवलंय तुला." मग फोन माझ्याकडे देऊन ते तोंड धुवायला गेले आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

डॉक्टरांनी रक्तात भरमसाट साखर निघाली म्हणून फैलावर घेतले, पाय बांधून दिला, आणि आणखी उशीर झाला असता तर काय झाले असते तेही सुनावले. घरी येताना भाऊजी मला म्हणाले, "वर्षभर मी केबल ताणत होतो, वहिनी. केबल इथली तुटली होती," आणि गुडघ्यावर टिचकी मारली.

गाडी पहिल्यासारखी करायला त्यांनी स्टूल घेतले आणि बांधलेला पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून काम केले. हातांना काही झाले नव्हते. जुनी जाड स्प्रिंग पुन्हा लागली. केबल जुन्या भोकात गेली. फिल्टरचे झाकण बसले, आणि गाडीचा तो श्वास थांबला. मी समोर बसून भाजी निवडत होते आणि लागेल ते देत होते. एकदा ते म्हणाले, कपाटावर फडक्यात गुंडाळलेला एक दांडा आहे, तो आणा.

जड होता. फडक्यावर बोटभर धूळ. सोडल्यावर आत लोखंडी आडवा दांडा, मधे मधे जोडाचे कान.

"हा कशाचा?" मी विचारले.

"दोन्ही बाजूंची पेडलं जोडतो तो."

माझ्या हातातली भाजीची जुडी तशीच राहिली. हा कधी काढलात, असे मी विचारले. ते स्प्रिंग घट्ट करीत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"सगळ्यात आधी. केबल ताणायच्याही आधी. शाळा बंद झाली होती, म्हटलं तेवढंच ओझं कमी, पेडल हलकं होईल. त्यानंतरही गाडी उसळायला लागली, तेव्हा मला वाटलं, तीच पाय लावतेय, तिला दांड्याची काय गरज." मग पान्हा खाली ठेवून ते माझ्याकडे वळले. "उसळायची ती माझ्याच पायानं. आता कळलं. चौकात ब्रेकही मीच लावला असेन, पाय घसरून पडला असेल त्यावर. गाडी थांबली त्याचं काही नाही. पण शेजारची पेडलं वर्षभर नुसती लोंबताहेत, वहिनी. ती कशालाच जोडलेली नाहीत. तुम्ही म्हणालात, पेडल खाली गेलं."

"गेलं," मी म्हणाले.

"तळापर्यंत?"

"तळापर्यंत."

त्यांनी दांडा उचलून मांडीवर आडवा घेतला आणि पुसत बसले. पुसून झाल्यावरही पुसत होते. मला वाटले, ते तो पुन्हा फडक्यात गुंडाळतील. गुंडाळला असता तर मी त्यांना दोष दिला नसता. पण दोन दिवसांनी नात येणार होती.

शेवटी ते एका हाताने स्टूल सरकवत गाडीच्या दाराशी गेले आणि दांडा आत सरकवला.

"बसवतो," ते म्हणाले. "पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे. सगळं तिच्या आजीवर किती टाकायचं?"

ते वाकून नट आवळू लागले. मी आत जाऊन फडके ओले केले आणि दारापासून फरशी पुसायला घेतली. या वेळी त्यांनी मला अडवले नाही.